कॅम्परचे इलेक्ट्रिक ब्रेक दुरुस्त केले: माझा अनुभव

कोलोरॅडोच्या डोंगरातून आय-७० हायवेनं डेन्व्हरला परतताना जेनेसीजवळ ट्रकवाल्यांसाठी एक पाटी लागते: फसू नका, तीव्र उताराचे आणि वळणांचे अजून चार मैल बाकी आहेत. तिथून शहराचा सपाट भाग दिसायला लागतो आणि घाट संपला असं वाटतं, म्हणून ती पाटी. गेल्या वर्षी जूनमध्ये नेमक्या याच उतारावर आमचा कॅम्पर, म्हणजे पिकअपच्या मागे जोडून न्यायचा राहण्याचा ट्रेलर, पिकअपला मागून ढकलायला लागला. सामानासकट त्याचं वजन साडेपाच हजार पौंड, म्हणजे सुमारे अडीच टन. माझे बाबा कुंभार्ली घाटात ट्रक चालवायचे. ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरायचं, हे त्यांच्याकडून ऐकत मी मोठी झाले. गिअर खाली टाकला आणि आम्ही सुखरूप उतरलो. पण घरी पोचेपर्यंत हात गार पडले होते.

कॅम्पर जुना, दुसऱ्याकडून घेतलेला. एका वर्कशॉपमध्ये नेला, तर दहा मिनिटांत उत्तर मिळालं: चारही चाकांचे ब्रेक बदला. कुठल्या चाकात काय बिघडलंय, हे विचारलं तर सांगता येईना. मग ठरवलं, आधी आपण समजून घ्यायचं.

हे ब्रेक कारच्या ब्रेकसारखे तेलावर चालत नाहीत. पिकअपच्या डॅशबोर्डखाली कंट्रोलर असतो. ब्रेक दाबला की तो सात पिनांच्या प्लगमधल्या निळ्या वायरीतून ट्रेलरकडे करंट पाठवतो. प्रत्येक चाकाबरोबर एक डब्यासारखा ड्रम फिरतो, त्याच्या आत एक विद्युतचुंबक असतो. करंट आला की तो फिरत्या ड्रमच्या सपाट पृष्ठभागाला चिकटू पाहतो, ड्रम त्याला आपल्याबरोबर थोडा ओढतो, त्यासरशी एक दांडा फिरतो आणि तो दांडा ब्रेक शू, म्हणजे कमानीसारखे दोन तुकडे, आतून ड्रमवर दाबतो. म्हणजे करंट फक्त सुरुवात करून देतो, थांबवण्याचं खरं काम शूच करतात. हे मला आधी नीट उमगलं असतं तर एक अख्खा रविवार वाचला असता.

पहिली तपासणी अँपिअरची. एक चुंबक साधारण ३ अँपिअर घेतो, म्हणून चार चाकांना १२ हवेत. नवरा पिकअपमध्ये बसून कंट्रोलरची हाताने दाबायची पट्टी पूर्ण दाबून धरायचा आणि मी निळ्या वायरीला डीसी क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा) लावून बघायचे. (पट्टी पूर्णच दाबायची. अर्धवट दाबली तर कंट्रोलर करंट तुकड्यातुकड्यानं सोडतो आणि साधा मीटर भलतंच दाखवतो.) आकडा आला सहाच्या आसपास. दोन चाकं मेलेली होती.

कुठली दोन? इथे मुलाचं शाळेचं होकायंत्र कामाला आलं. ते चाकाजवळ धरायचं आणि पिकअपमधून नवऱ्याचा "दाबलं" असा आवाज आला की सुई बघायची. पुढच्या दोन्ही चाकांपाशी सुई झटक्यात वळली, मागच्या दोन्हींपाशी ढिम्म. मागच्या चुंबकांच्या वायरी सोडवून रोध मोजला तर दोन्हीकडे ३ ओहमच्या थोडा वर, म्हणजे चुंबक ठणठणीत. दोष वायरिंगमध्येच असणार. कॅम्परखाली उताणी पडून वायर चाचपत गेले, तेव्हा मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या फाट्यावरचा जोड हिरवा पडून आतून तुटलेला सापडला. तिथून ॲक्सलच्या नळीतून पलीकडच्या चाकाला जाणारी वायरही घासून उघडी पडायला आली होती. ती नळीच्या बाहेरून नवीन टाकली, जोड पाणी न शिरणारे केले. मीटरवर जवळपास १२ आले आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

रिकाम्या रस्त्यावर नेऊन पट्टी दाबली, तर फरक अगदी थोडा. रविवार गेला तो इथे: मी पुन्हा वायरीच शोधत बसले. वायरी ठीक होत्या, शू ड्रमपर्यंत पोचत नव्हते.

पुढच्या शनिवारी चाकं उचलली. जॅक फ्रेमला लावायचा, ॲक्सलला नाही, आणि खाली स्टँड दिल्याशिवाय हात घालायचा नाही. ब्रेकच्या मागच्या पत्र्याला खालच्या बाजूला एक खाच असते, तिच्यातून दातेरी चाक फिरवून शू घट्ट करत आणले. चाक हाताने फिरेनासं झाल्यावर, हलकं घासत मोकळं फिरेल इतपत पुन्हा सैल केलं. उजव्या बाजूचं मागचं चाक मात्र कितीही फिरवलं तरी ब्रेक धरेना. ड्रम काढला तर ऑइल सील फाटून लायनर (शूवरचं घासणारं अस्तर) ग्रीसमध्ये भिजलेले. असे लायनर पुसून वापरायचे नसतात, ग्रीस आत मुरलेलं असतं. सील बदललं आणि मागच्या दोन्ही चाकांना नवे ब्रेक बसवले, एकाच बाजूला नवे घातले तर ओढ असमान होते. वर्कशॉपनं सांगितलेल्या चारपैकी दोनच लागले.

ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणाऱ्या स्विचची पिन गंजून अडकली होती. ती ओढून बघावी असं मला इतके दिवस सुचलंच नव्हतं. घरी ट्रेलर असेल तर आजच बघा, पण सात पिनांचा प्लग काढूनच, नाहीतर कंट्रोलर जळू शकतो.

नवे शू बसायला ताशी ४० मैलांवरून २० वर असं वीसेक वेळा, मध्ये थंड होऊ देत, वेग उतरवला. मग २५ मैलांवर पट्टी दाबून, चाकं लॉक होणार नाहीत इतपत कंट्रोलरचा जोर वाढवला.

सप्टेंबरमध्ये पुन्हा जेनेसीचा उतार उतरलो. गिअर आधीच खाली होता. ब्रेकवर पाय ठेवला तसा कॅम्पर मागून ओढून धरायला लागला, आणि नवऱ्यानं घट्ट धरलेलं दाराचं हँडल सोडलं. खाली पार्किंगमध्ये थांबून चारही हबजवळ (चाकाच्या मधल्या भागाजवळ) हात नेऊन बघितला. चारही सारखेच तापले होते.