तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी एस ६३ घ्यावी का?

महिन्यातून एकदा तरी हा फोन येतोच. "दादा, मर्सिडीजची एस ६३ मिळतेय. २०१५ चं मॉडेल, सिंगल ओनर, रनिंग पंचेचाळीस हजार. नवी दीड कोटीची होती, आता पंचेचाळीस लाखांत देतोय. घेऊ का?" आणि श्वास न घेता पुढचं वाक्य: "मी चालवून बघितली, काय पळते!"

पळते, ते मला माहीत आहे. साडेपाच लिटरचं ट्विन-टर्बो व्ही-८, ५८५ अश्वशक्ती, ९०० न्यूटन-मीटर टॉर्क, शून्यावरून शंभरला ४.४ सेकंद. अशी गाडी दहा वर्षांनी निम्मी थकलेली असली तरी पाय दाबला की पाठ सीटला चिकटवतेच. रोज साध्या गाडीत बसणाऱ्याला त्या ताकदीतले ऐंशी-शंभर घोडे कमी झालेले कळतही नाहीत. म्हणून जोरात पळवून बघणं मी सगळ्यात शेवटी ठेवतो. ही गाडी थंड असताना, उभी असताना आणि हळू चालताना बघायची.

का, ते समजायला गाडीचं मूळ बघावं लागेल. १९६८ साली जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात मर्सिडीजने ३०० एसईएल ६.३ मांडली. एरिख वाक्सनबर्गर नावाच्या त्यांच्या इंजिनिअरने '६००' या भल्यामोठ्या लिमोझिनचं ६.३ लिटरचं व्ही-८ त्या मानाने साध्या दिसणाऱ्या सेडानमध्ये बसवलं होतं. २५० अश्वशक्ती, वेग ताशी २२० किलोमीटर, आणि बाहेरून बघाल तर एखाद्या बँक मॅनेजरची गाडी. याच गाडीचं इंजिन ६.८ लिटरपर्यंत वाढवून एएमजी या मर्सिडीजच्या गाड्यांची ताकद वाढवणाऱ्या कंपनीने ती १९७१ च्या बेल्जियममधल्या स्पा येथील २४ तासांच्या शर्यतीत उतरवली आणि दुसरा क्रमांक काढला. आजच्या एस ६३ चं घराणं हे असं आहे.

त्या गाडीचं खरं काम मात्र शर्यतीचं नव्हतं. स्टुटगार्टहून हॅम्बुर्ग, साडेसहाशे किलोमीटर. सकाळी निघायचं, ऑटोबानवर वेग धरायचा आणि मीटिंगला ताजंतवानं उतरायचं, हे काम. त्यासाठी इंजिन लागतंच, पण तेवढीच लागते दोन टन वजनाला वेगात शांत ठेवणारी यंत्रणा. १९६८ च्या त्या गाडीलाही एअर सस्पेन्शनच होतं, म्हणजे पोलादी स्प्रिंगऐवजी हवेचे रबरी फुगे. इंजिन पोलादाचं आणि ॲल्युमिनियमचं असतं, ते टिकतं. शांतता येते रबरातून, हवेतून आणि तेलातून, आणि आपल्याकडच्या उन्हाखड्ड्यांत आधी तीच जाते. पंचेचाळीस लाख तुम्ही त्या शांततेचेच मोजणार आहात. ताकद हवी असेल तर याहून स्वस्तात मिळते.

आता एक अनुभव. मागच्या दिवाळीच्या आधी पुण्यात बाणेरला अशीच एक गाडी बघायला गेलो होतो. कंपनी कुठली ते महत्त्वाचं नाही, वर्ग हाच. मी दोनदा जातो, आदल्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. संध्याकाळी सपाट फरशीवर गाडी उभी करायला लावली, टेप घेतला आणि चारही चाकांच्या मधोमध टोक धरून वर मडगार्डच्या कडेपर्यंत माप घेतलं, वहीत लिहिलं. मालकांना विनंती केली की उद्या मी येईपर्यंत चालू करू नका, दारही उघडू नका. काही गाड्या नुसतं दार उघडलं तरी जाग्या होऊन आपली उंची सावरतात.

सकाळी पावणेसातला पुन्हा टेप लावला. तीन कोपरे जसेच्या तसे. मागचा डावा तेवीस मिलिमीटर खाली बसलेला. डोळ्यांना ते दिसत नव्हतं, टेपलाच दिसलं. त्या कोपऱ्यातल्या हवेच्या फुग्याच्या रबराला घडीवर बारीक भेग पडलेली होती आणि रात्रभर हवा हळूहळू निसटत होती. गाडी चालू केल्यावर फुग्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर घरघरला आणि कोपरा वर आला. मालक म्हणाले, "बघा, उठली की!" उठणारच. पण ती रोज उठवायला कॉम्प्रेसर जादा राबतो, तापतो आणि एक दिवस जळतो, आणि मग एका फुग्याच्या खर्चात कॉम्प्रेसरचाही खर्च येऊन पडतो.

चालू करण्याआधी बॉनेटवर तळहात ठेवून बघतो. कोमट लागलं तर नमस्कार करून परत जातो आणि दुसऱ्या दिवशी येतो. थंड इंजिनाचे पहिले तीन-चार सेकंद हीच खरी मुलाखत. रात्रभरात टायमिंग चेन (इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडणारी साखळी) ताणून धरणाऱ्या टेन्शनरमधलं तेल खाली उतरलं असेल तर दाब तयार होईपर्यंत चेन खडखडते, डब्यात नाणी हलवल्यासारखी. चार सेकंदांनी तो आवाज बंद होतो आणि दिवसभर पुन्हा येत नाही. दुपारी टेस्ट ड्राइव्ह घेणाऱ्याला तो कधीच ऐकू येणार नाही. त्यानंतर टॉर्च घेऊन कूलंटच्या पाइपांचे जोड बघायचे. गळून सुकलेल्या कूलंटचा पांढुरका थर राहतो, आणि गरम झाल्यावर गोडसर वास येतो.

मग चहा. ड्रायव्हरदादांबरोबर. या गाडीचा खरा इतिहास सर्व्हिसच्या फायलीपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतो, आणि ते मनापासून सांगतात, कारण त्यांचा जीव त्या गाडीत असतो. बाणेरच्या दादांनी सांगितलं, "साहेब दोन वर्षं दुबईला आहेत. मी दर रविवारी पाच मिनिटं चालू करून ठेवतो." त्यांनी काळजीपोटीच केलं होतं, पण तेवढ्यात इंजिन तापत नाही. पेट्रोल आणि बाष्पाचं पाणी तेलात उतरत राहतं आणि बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही. कमी रनिंगची गाडी म्हणजे चांगली गाडी, हा आपल्याकडचा समज मला खरंच पुसून टाकावासा वाटतो. आठवड्यातून एकदा मुंबईला जाऊन येणारी ऐंशी हजारांची गाडी मी डोळे झाकून आधी बघेन.

टायरवर तारीख असते, ती वाचा. चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. बाणेरच्या गाडीचे टायर दिसायला नवे, नक्षी पूर्ण, पण बाजूला बारीक भेगा आणि तारीख सहा वर्षांची. मागचे दोन वेगळ्या कंपनीचे, स्वस्तातले. एस ६३ ला पुढे २५५ आणि मागे २८५ मिलिमीटर रुंदीचे टायर लागतात. ज्या मालकाने तिथे काटकसर केली त्याने गिअरबॉक्सचं तेल वेळेवर बदललं असेल, असं मी धरून चालत नाही. ब्रेकच्या डिस्कच्या कडेवर किंवा हबवर किमान जाडी कोरलेली असते, डिस्क मोजून तिच्याशी ताडून बघा. दोन टनांची गाडी शंभरवरून थांबवायला जेवढी ऊर्जा ब्रेकला गिळावी लागते, दोनशेवरून त्याच्या चौपट. डिस्क उगाच एवढ्या मोठ्या नसतात, आणि म्हणूनच त्या महागही असतात.

आता चालवायची, पण माणसाच्या चालीने. या एस ६३ च्या गिअरबॉक्समध्ये टॉर्क कन्व्हर्टर (इतर ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिनाची ताकद तेलाच्या प्रवाहातून पुढे देणारा भाग) नाही, तेलात बुडालेला क्लच आहे. तो दमला असेल तर वेगात कळत नाही. पार्किंगच्या चढावर, पायाच्या नुसत्या स्पर्शाने गाडी सरकवताना ती थरथरते, तिथे कळतं. मग सोसायटीचा स्पीडब्रेकर तिरका घ्यायचा, एकेक चाक चढवत, काचा खाली करून. चाकाला धरणाऱ्या खालच्या आर्मचे रबरी बूश गेले असतील तर 'टक' असा एकच कोरडा आवाज येतो. त्यानंतर मी मागे डावीकडे बसतो, मालकाच्या जागी, आणि गाडी दुसऱ्याला चालवायला देतो. एक्स्प्रेसवेवर शंभरच्या मर्यादेत इंजिन मिनिटाला जेमतेम दीड हजार फेऱ्यांवर फिरत असतं. त्या वेळी मागे बसून हळू आवाजात बोलता आलं पाहिजे. दाराच्या रबरातून वाऱ्याची शीळ आली की मी दाराचे स्क्रू आणि रंगाची जाडी पुन्हा तपासतो, कारण ते दार कधीतरी उघडून परत बसवलेलं असू शकतं.

कागदपत्रांचं थोडक्यात: गाडी परराज्यातली असेल तर एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरून किंमत काढा, कर्ज फिटल्याची नोंद आरसीवर बघा, आणि विमा कंपनीकडे जुने क्लेम विचारा.

तर, घेऊ का? घ्या. मी कुणालाही सरसकट नको म्हणत नाही, या गाड्यांवर माझं प्रेम आहे. पण गाडीच्या किमतीचा चौथा हिस्सा पहिल्या वर्षासाठी बँकेत वेगळा ठेवता येत असेल तरच घ्या. गाडीची किंमत पंचेचाळीस लाखांवर आली तरी तिचे सुटे भाग अजून दीड कोटीच्या गाडीचेच आहेत. तो चौथा हिस्सा काढताना घरात ओढाताण होणार असेल तर त्या पंचेचाळीस लाखांत नवी, लहान, वॉरंटीतली गाडी घ्या आणि निवांत झोपा.

बाणेरची गाडी आम्ही सोडली. सांगलीच्या ज्या डॉक्टरांसाठी बघत होतो त्यांचं मन तिच्यावर जडलं होतं, त्यांना वाईट वाटलं. अडीच महिन्यांनी नाशिकला दुसरी मिळाली. एक्क्याण्णव हजार रनिंग, बंपरवर खडे उडाल्याच्या खुणा, सर्व्हिसची एकही तारीख चुकलेली नाही. संध्याकाळी माप घेतलं, सकाळी घेतलं, चारही कोपरे जिथल्या तिथे. थंड इंजिन पहिल्याच फेरीत बोललं आणि लगेच शांत झालं. क्लच, बूश, काचा, सगळं बघून झाल्यावर मी टेप गुंडाळून खिशात टाकला, चावी डॉक्टरांच्या हातात दिली आणि म्हटलं, "आता पळवून बघा."