जंतू टिपणारी यंत्रं तपासायला हवेत खरे जंतू सोडता का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: नाही, सोडत नाही.

इंजेक्शनं भरली जातात अशा कारखान्यात मी मायक्रोबायोलॉजी सांभाळते. हवेतले जंतू टिपणारी यंत्रं नीट चालतात ना, हे बघणं माझ्याकडे. जंतू सोडल्याशिवाय यंत्राची खात्री कशी पटते, ही तुमची शंका रास्त आहे.

आम्ही तपासणीचे तुकडे करतो. एअर सॅम्पलर, म्हणजे हवेचा नमुना घेणारं यंत्र, मिनिटाला 100 लिटर हवा ओढतो. ती खरंच तेवढी आहे का, हे प्रवाह मोजणारा फ्लोमीटर सांगतो. कण मोजणाऱ्या यंत्राला पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे ठरावीक मापाचे बारीक गोळे दाखवतात. खरे जंतू लागतात ते फक्त प्लेटमधल्या अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, वाढ होते का हे पाहायला. तेही शंभराच्या आत, वेगळ्या खोलीत, सेफ्टी कॅबिनेटमध्ये. काम झालं की प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात.

शहरांसाठी जैविक हल्ला ओळखणारी यंत्रणा असते, तिथे हा प्रश्न फार मोठा होतो, कारण त्या हवेत माणसं असतात. सप्टेंबर 1950 मध्ये अमेरिकी नौदलाच्या जहाजावरून सॅन फ्रान्सिस्कोवर सेराशिया मार्सेसेन्स हे जंतू फवारले. हल्ला झाला तर ते किती दूर पसरतात, हे बघायचं होतं. लाल रंगामुळे शोधायला सोपे, आणि निरुपद्रवी, असा तेव्हाचा समज. थोड्याच दिवसांत तिथल्या एका रुग्णालयात 11 जणांना याच जंतूचा संसर्ग झाला. त्यांतले एडवर्ड नेव्हिन शस्त्रक्रियेतून सावरत होते. संसर्ग हृदयापर्यंत गेला आणि ते वारले. फवारणीची बातमी लोकांना कळली 1976 मध्ये. कुटुंब कोर्टात गेलं, पण संबंध सिद्ध झाला नाही. मला मात्र त्याहून खटकतं ते हे, की शहराला कुणी विचारलंच नव्हतं.

आता चांगले पर्याय आहेत. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने साखरेचे बारीक कण तयार केले, आत डीएनएची खूण घातलेली. इमारतीत हवा कुठून कुठे जाते, हे त्यावरून कळतं, आणि श्वासात गेली ती साखरच.

एमएस्सीला असताना सेराशियाची प्लेट मी पहिल्यांदा पाहिली. कुंकवाच्या बोटांसारखे लाल ठिपके, फार सुंदर दिसत होते. सरांनी झाकण उघडू दिलं नाही. आता विभागात नवी मुलं आली की मी त्यांना आधी नेव्हिन यांची हकीकत सांगते, आणि मग सॅम्पलर हातात देते.