आमची वाटचाल : डिझेलचा हिशेब आणि झोपेचा हिशेब

एका सेकंडहँड ट्रकवर आमचा धंदा सुरू झाला. गाडी मीच चालवायचो, बिलंही मीच फाडायचो. पुढे गाड्या वाढल्या, ड्रायव्हर आले. डिझेलचा, टायरचा हिशेब या धंद्यात सगळेच ठेवतात. ड्रायव्हर किती तास जागा आहे, हे फारसं कुणी विचारत नाही. आम्ही ते लिहून ठेवायला लागलो.

माप तयारच होतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७९ च्या करारात सलग चार तासांच्या वर चालवायचं नाही, दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तास ही कमाल मर्यादा, शिवाय रोज सलग दहा तास विश्रांती, असं आहे. आम्ही फेऱ्या त्यात बसवल्या आणि फेरीवर मिळणारा पगार महिन्यावर आणला. काही ग्राहक तुटले. "उद्या सकाळी माल पाहिजेच" म्हणणाऱ्याला दोन ड्रायव्हरांचं भाडं सांगितलं की बऱ्याचदा परवाही चालतं!

खरी गोची गोदामाच्या दारात होती. गाडी तासन् तास नंबरात उभी. कागदावर ती विश्रांती. प्रत्यक्षात ड्रायव्हर दर थोड्या वेळानं गाडी हातभर पुढे घेतोय, डोळा लागायची सोय नाही, आणि रात्री निघायचंय त्यालाच. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी मंदावते, हे प्रयोगांत दिसलंय. ताशी ८० च्या वेगात तीन सेकंदांची डुलकी म्हणजे जवळजवळ ६७ मीटर गाडी बिनड्रायव्हरची. म्हणून ताटकळण्याचे तास आम्ही कामात धरले आणि ठरलेल्या वेळेपुढचं भाडं ग्राहकाला लावलं. तेव्हापासून गाड्या पटापट खाली होतात.

मध्यरात्र उलटल्यापासून पहाटेपर्यंत शरीर झोप मागतंच, तिथे चहाची मात्रा फार वेळ चालत नाही. ती वेळ शक्यतो टाळतो.

घोरण्याची तपासणी सुरू केली तेव्हा आमचे एक जुने ड्रायव्हर हसलेच. "साहेब, घोरणं हा काय आजार झाला होय?" झोपेत श्वास अडकत असेल तर रात्रभर झोपूनही माणूस पेंगतो, हे त्यांना झोपेत श्वास मोकळा ठेवणारं मशीन लागल्यावर पटलं. आता तेच नव्या पोरांना तपासणीला पिटाळतात.

बाकी दुखणी बसण्याची. लंडनच्या बसमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त, हे १९५३ सालीच छापून आलं होतं. आम्ही सीट बदलल्या, मागच्या खिशातलं जाडजूड पाकीट काढायला लावलं (कंबर वाकडी होऊन पायापर्यंत कळ जाते ती त्यानं), आणि केबिनमधून उडी मारणं बंद केलं. दांडा धरून, गाडीकडे तोंड करून उतरायचं. गुडघे वाचतात.

पाण्याचं मात्र अवघड आहे. लघवीला थांबायला जागा नाही म्हणून ड्रायव्हर पाणीच कमी पितात, मग मूतखडे. त्यामुळे नवा ग्राहक आला की दराआधी विचारतो, तुमच्याकडे ड्रायव्हरला संडास वापरू देतात का? "सोय बाहेर आहे" असं उत्तर आलं, तर ते 'बाहेर' मी स्वतः जाऊन बघून येतो.