एलायझा गप्प बसते तेव्हा

मुलुंडहून सीएसएमटीकडे जाणाऱ्या स्लो लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की मी इयरफोन लावून नाटक ऐकतो. गेल्या महिन्यात जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचे ‘पिग्मॅलियन’ ऐकले. शॉ १९५० साली वारले; आपल्या कायद्यातील साठ वर्षांची मुदत संपल्यामुळे भारतात त्यांचे लेखन २०११ पासून स्वामित्वहक्कातून मोकळे झाले आहे, आणि नाटकाची संहिता इंटरनेटवर विनामूल्य वाचता येते. कॉलेजात असताना ती वाचली होती, पण उच्चारांवरच उभे असलेले नाटक डोळ्यांनी वाचून कितीसे कळणार? फुले विकणाऱ्या एलायझाची कॉकनी, म्हणजे लंडनच्या कष्टकरी वस्तीतली, बोली अक्षरांत उतरवण्याचा प्रयत्न स्वतः शॉ यांनीही पहिल्याच अंकात क्षमा मागून सोडून दिला आहे. कानांवर पडल्यावर मात्र, घाटकोपर येईपर्यंत, उच्चारशास्त्राचा प्राध्यापक हिगिन्स तिच्या बोलण्यावर एवढा का चवताळतो ते उमगले.

अडचण आली ती चौथ्या अंकात. फुलवालीला उच्चभ्रू बाई म्हणून खपवून दाखवण्याची पैज जिंकून मध्यरात्री घरी परतलेले हिगिन्स आणि त्याचा मित्र पिकरिंग आपण किती कंटाळलो याच्याच गप्पा मारत असतात आणि जिच्या जोरावर पैज जिंकली ती एलायझा तिथेच बसून सारे निमूटपणे ऐकत असते. मध्येच उठून ती हिगिन्सच्या सपाता आणून ठेवते, तरी तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. मला मिळालेल्या ध्वनिमुद्रणात रंगसूचना वाचणारा निवेदक नव्हता; त्यामुळे न बोलणारी एलायझा माझ्यासाठी त्या खोलीत उरलीच नाही.

म्हणून १९३८ सालचा चित्रपट पाहिला. मूळ नाटकात जो विजय पडद्यामागे घडतो, तो तिथे थाटामाटाच्या समारंभातून दाखवला आहे. प्रसंग देखणा आहे; पण तिचे यश आपण डोळ्यांनी पाहून बसल्यामुळे, पुढे त्या दोघांच्या रटाळ बोलण्यातूनच ते कळण्यातली बोच बोथट होते, असे माझे मत आहे. शिवाय कोणाचा चेहरा पाहायचा हे कॅमेरा ठरवतो. लंडनच्या नॅशनल थिएटरने २००९ पासून आपले प्रयोग चित्रपटगृहांत दाखवण्यास सुरुवात केली आणि असे चित्रमुद्रित प्रयोग आपल्याकडे मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात पाहायला मिळतात. ते मी आवडीने पाहतो, तरी कोपऱ्यात गप्प बसलेल्या पात्राकडे आपणहून नजर वळवण्याची मुभा तिथेही नसते. (तिकीट आणि विमानभाडे यांतला फरक ध्यानात घेता ही तक्रार मी फार ताणणार नाही.)

आईने तरुणपणी पु. ल. देशपांडे यांची ‘ती फुलराणी’ दादरला पाहिली होती. ‘पिग्मॅलियन’चे हे मराठी रूपांतर १९७५ सालचे आणि त्यातली मंजुळा, म्हणजे मराठीतली एलायझा, भक्ती बर्वे यांची. त्यांचे गाजलेले स्वगत यूट्यूबवर लागले की आई अजूनही हातातले काम थांबवते. तिला इंग्रजी बऱ्यापैकी समजते, म्हणून परवा रविवारी ती मेथी निवडत असताना मी तो चौथा अंक मोबाइलवर मोठ्याने लावला. दोघा पुरुषांचे बोलणे तिने ऐकून न ऐकल्यासारखे केले. पिकरिंग झोपायला गेला, हिगिन्स सपाता शोधू लागला, आणि त्या त्याच्या अंगावर भिरकावून एलायझा कडाडली तेव्हा आईने दचकून वर पाहिले.

“अगं बाई! म्हणजे इतका वेळ ती तिथंच बसली होती?”