भांड्यावर नाव कोणाचं?

लग्नाच्या सिझनमध्ये भांड्याच्या दुकानात बसलं की एक वाक्य दिवसभर कानावर पडतं, "हजार-बाराशेत काही दिसण्यासारखं दाखवा." आहेर मांडवात सगळ्यांदेखत दिला जातो, गावात तर माईकवर नाव पुकारतात, म्हणून खोका मोठा पाहिजे. मग मी लेमन सेट काढतो, डिनर सेट काढतो, भिंतीवरचं घड्याळ काढतो. माझा धंदा आहे, मी कोणाला अडवत नाही. पण चमकीच्या कागदातले यातले बरेच खोके न उघडताच पुढच्या लग्नात जातात, हे आमच्या तालुक्यात सगळ्यांना ठाऊक आहे. एकदा माझ्याच दुकानाचं स्टिकर लावलेला खोका 'बदलून द्या' म्हणून आला. त्यातल्या डिझाइनचा माल मी केव्हाच बंद केला होता.

यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव. कापूस घरात आला, तुरी निघाल्या की गिऱ्हाईक सुरू होतं. अशाच एका बाजाराच्या दिवशी दुपारी ऑटोतून पाच-सहा बाया उतरल्या. वेचणीच्या टोळीतल्या. त्यांच्यातल्याच एका पोरीचं लग्न होतं, तिला वडील नाहीत. टोळीनं पैसे जमवले होते, कोणी शंभर, कोणी पन्नास. रुमालाची गाठ सोडून काउंटरवर मोजले तर तेराशे पन्नास. वेचणीला किलोमागं दहा-बारा रुपये मिळतात, म्हणजे सव्वाशे किलो कापूस माझ्यासमोर पडला होता.

सगळ्यात लहान होती तिची नजर डिनर सेटवर. बाराशेत एवढी भांडी! मी त्यातलं एक ताट तिच्या हातात दिलं आणि मधोमध अंगठा दाबायला सांगितलं. पत्रा खाली गेला, सोडल्यावर टण्णकन वर आला. मग पूर्ण सेट काट्यावर ठेवला. दोन किलोही भरेना. सेट नगावर विकतात त्यामागचं गणित हेच आहे. किलोवर विकायचा म्हटलं तर किंमत उघडी पडते.

"लेमन सेट?" दुसरीनं विचारलं.

"माह्या घरी तीन पडले हायेत," तिसरी म्हणाली. "लेमन कोनी पेत नाई."

एका बाईला पाणी भरायचा पितळी गुंड पाहिजे होता. भांडी म्हणजे पितळेची, आणि पितळ म्हणजे भंडाऱ्याचं, ही विदर्भातली जुनी समजूत. ती चुकीचीही नाही. पण पितळ स्टीलच्या दुपटीहून महाग, एवढ्यात गुंडी आली असती, गुंड नाही. आणि पितळेच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, आंबट शिजवायचं तर कल्हई पाहिजे. कल्हईवाला आमच्याकडे आता कधीमधी फिरकतो.

मी म्हटलं, आधी आंदणात काय काय आहे ते विचारा. हा प्रश्न फार कमी गिऱ्हाईक विचारतं आणि मग पोरीच्या घरी चार कुकर जमतात. त्यांनी तिथूनच तिच्या आईला फोन लावला. कुकर मामाचा, कपाट काकाचं, ताट-वाट्या झालेल्या. "पानी कायात भरते थे?" बायांमधल्या म्हातारीनं फोनवर ओरडून विचारलं. तिकडून काहीतरी उत्तर आलं आणि म्हातारी माझ्याकडे वळली. "गुंड दाखवा, भाऊ. स्टीलचाच. अन् चुलीवर चालंल असा गंज. गॅस हाय, पन सिलिंडर सरलं का चूलच पेटते."

चूल म्हटल्यावर निवड सोपी झाली. पातळ बुडाचा गंज चुलीवर ठेवला की वरण लागलंच. मी जाड बुडाचे दोन गंज काढले, झाकणासकट. म्हातारीनं बुडावर बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं, कडा हातानं चाचपल्या, एक परत केला. वळलेली कड एका जागी उघडी होती. मला ती दिसली नव्हती, मी तो गंज बदलून दिला. गुंड आणि दोन गंज मिळून भरले पावणेचार किलो. तीनशे चाळीसच्या भावानं बाराशे पंच्याहत्तर.

आता नाव. आमच्याकडे घेतलेल्या भांड्यावर नाव फुकट टाकून देतो, ते काम माझंच. मी मशीन काढली आणि नेहमीचा मजकूर सांगितला : चिरंजीव अमुक व चि. सौ. कां. तमुक यांना यांच्याकडून सप्रेम भेट. टोळीचं काय नाव टाकू?

"आमचं नको," म्हातारी म्हणाली. "नवरदेवाचं बी नको. पोरीचं टाक. पोरीचं अन् तिच्या मायचं."

बाकीच्या बाया तिच्याकडे पाहू लागल्या. देणाऱ्याचं नाव नाही म्हणजे मांडवात कळणार कसं?

"माह्या बापानं मले पितळीचे भांडे देल्ले होते. बैलजोडीतला एक बैल इकून. साऱ्या भांड्याईवर जवायाचं नाव. मी माहेरी वापस आली तवा भांडे मांगाले गेली. सासू म्हने, नाव वाच, कोनाचं हाय?" म्हातारी थांबली. "मले त वाचता बी येत नोतं."

लग्नात बाईला मिळालेलं स्त्रीधन तिचंच, सासरी ते नुसतं विश्वासानं ठेवलेलं असतं, हे सर्वोच्च न्यायालयानं 1985 मध्येच सांगितलं आहे. त्याच वर्षी हुंडाबंदी कायद्याखाली नियमही आले : वधूला मिळालेल्या भेटींची यादी करायची, वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव लिहायचं. आमच्या भागात अशी यादी केलेली मी पाहिली नाही. आहेराची वही मात्र घरोघर असते, कोणाचं किती फेडायचं ते कळावं म्हणून. इतकी वर्षं मी जावयांची, सासऱ्यांची नावं कोरत आलो. मजकूर गिऱ्हाईक सांगतं, आपण कोरायचा, एवढंच.

मी गुंड मांडीत धरला. मशीनची सुई थरथरत पत्र्यावर बारीक पांढरे ठिपके पाडत जाते, पातळ पत्रा असला की सगळं भांडं झणझणतं. हा घट्ट होता, अक्षरं नीट उठली. पोरीचं नाव, त्यानंतर आईचं. आडनाव विचारलं तर म्हातारी म्हणाली, ते बदलते, राहू दे. झाकणांवरही टाकून घेतलं, कारण झाकणं आधी हरवतात. पावती पोरीच्याच नावानं केली, ती म्हातारीनं घडी करून कमरेच्या पिशवीत टाकली.

पंच्याहत्तर रुपये उरले होते. लहान पोरगी म्हणाली, ऑटोचं भाडं. म्हातारी म्हणाली, सराटा अन् सांडशी. उलथणं आणि पकड, दोन्ही मिळून नव्वद होत होते.

"पंधरा रुपये कमी हायेत, आजी."

"तुमी बी वऱ्हाडीच हा न लग्नाचे?" तिनं सराटा गंजात टाकून वर झाकण लावलं. "तुमचा आहेर पंधरा रुपये."