चार पेड, आठ पेड आणि ओकीचोबीचं गवत

मासे धरायला फ्लोरिडातल्या क्लेविस्टनला पोचलो तरी तळं दिसेना. ओकीचोबी म्हणजे जवळपास १,९०० चौरस किलोमीटर पाणी, हिचिती भाषेत नावाचा अर्थच ‘मोठं पाणी’, आणि रस्त्यावरून दिसतो तो फक्त गवत उगवलेला लांबलचक बांध. १९२८ च्या चक्रीवादळात हे पाणी दक्षिणेकडच्या गावांत शिरलं आणि अडीच हजारांवर माणसं गेली. त्यानंतर हा हर्बर्ट हूव्हर डाइक उभा राहिला. गाडी थांबल्याबरोबर मी बांधावर धावत चढलो, तर पलीकडे पाणी नाहीच! नजर जाईल तिथवर लव्हाळं, कमळाची पानं, मध्येमध्ये चकाकणारे डबक्यांसारखे तुकडे.

“दाजी, हेच तळं,” मेहुणा खालून ओरडला. “मासे त्या गवतात राहतात.”

तेव्हाच माझ्या पोटात गोळा यायला हवा होता. पण मी खुशीत होतो, कारण माझ्या रिळावर नवीकोरी आठपेडी दोरी होती.

अशा विणलेल्या दोरीला, म्हणजे ब्रेडेड लाइनला, मी मनातल्या मनात वेणीच म्हणतो. देवनागरीत ‘ब्रेड’ लिहिलं की पाव डोळ्यांसमोर येतो हे एक कारण. दुसरं म्हणजे ती खरोखर वेणीच असते. पॉलिइथिलीनचे अतिशय बारीक धागे, त्यांचे पेड, आणि ते एकमेकांत घट्ट विणलेले. हा धागा जेलमधून ओढून काढायची रीत १९७९ मध्ये डीएसएम या डच कंपनीतल्या पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा यांनी बसवली. जहाजांचे दोर आणि गोळी अडवणारी जाकिटं त्याच्यापासून बनतात. डायनीमा आणि स्पेक्ट्रा ही त्याचीच बाजारातली नावं. म्हणजे डब्यावर नाव कुठलंही असो, आत बहुतेक वेळा तोच धागा असतो. फरक विणीचा, लेपाचा आणि पेडांचा. चारपेडी स्वस्त आणि खरखरीत, आठपेडी महाग आणि गुळगुळीत. दुकानदाराने आठपेडी दिली, मी घेतली. ३० पौंडांची, म्हणजे तेवढा ताण सोसणारी. तिची जाडी आठ पौंडांच्या साध्या नायलॉनएवढीच, जेमतेम पाव मिलिमीटरच्या वर. एवढी ताकद एवढ्या बारीक दोरीत म्हटल्यावर मी भुललोच.

सात दिवसांचा परवाना ३० डॉलरचा. तो फोनवर काढला आणि फेब्रुवारीतल्या एका पहाटे गाइडच्या बोटीत बसलो. गाइड साठीचा, कमी बोलणारा. माझ्या रिळाकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, “छान दोरी आहे.” पुढे काहीच नाही. नंतर कळलं की हे कौतुक नव्हतं.

पहिला बास मासा अर्ध्या तासात लागला. गवताच्या कडेला रबरी किडा टाकला होता. दोरी तिरकी सरकली, मी झटका दिला, रॉड वाकली, आणि हँडल फिरवतोय तर दोरी येईचना! हँडल फिरतंय, रीळ फिरतंय, मासा मात्र निवांत गवतात चाललाय. ड्रॅग, म्हणजे दोरी सहज सुटू न देणारा रिळाचा ब्रेक, आवळला. काही फरक नाही. मला वाटलं रीळ मेलं. गाइडने पुढे होऊन रिळावरच्या दोरीच्या गुंडाळीवर बोट दाबलं, तर सगळी गुंडाळी धातूवर बांगडीसारखी गरगर फिरत होती. मासा तोवर गेला होता.

चूक माझी. वेणी इतकी निसरडी की नुसत्या धातूवर ती धरतच नाही. आधी नायलॉनचे दहा-पंधरा वेढे द्यायचे, त्यावर वेणी बांधायची, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं म्हणे. मला नव्हतं. त्या संध्याकाळी मोटेलच्या व्हरांड्यात सगळी दोरी उतरवली, खाली नायलॉन घातलं आणि मेहुण्याने ओल्या फडक्यात दोरी दाबून धरली असताना पुन्हा ताणून गुंडाळली. ताण महत्त्वाचा. सैल गुंडाळलेली वेणी मोठ्या माशाने ओढली की खालच्या थरांत रुतते आणि पुढच्या फेकीला तिथेच अडकून बसते.

पण ते संध्याकाळचं. दुपारी गाइडने मला माझं रीळ खाली ठेवायला लावलं आणि स्वतःची रॉड हातात दिली. बेटकास्टर, म्हणजे आडव्या चकरीचं रीळ, त्यावर ६५ पौंडांची, मळकट हिरवी, बोटाला करवतीसारखी लागणारी चारपेडी. पुढे टंगस्टनचं दीड औंसाचं वजन. समोर पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतींची चटई, इतकी दाट की तिच्यावर एक पाणपक्षी आरामात चालत होता. “तिच्यातून खाली सोड,” गाइड म्हणाला. वजन चटईला भोक पाडून ‘डुब’ करून खाली गेलं. दोनदा वर-खाली केलं, तिसऱ्यांदा काहीतरी जड वाटलं.

“आता!”

हिसका दिला आणि जे घडलं ते मी ऐकलं आधी, बघितलं नंतर. कर्र... कर्र... दोरी देठ कापत येत होती. खालून मासा, वर गवताचा भारा, आणि मी दोन्ही एकदम उपसतोय. बोटीत आलेल्या ढिगातून मासा शोधून काढावा लागला. साडेचार पौंडांचा, तोंड एवढं की माझी मूठ जाईल. फोटो काढून सोडला. इथे पाच बास ठेवता येतात, त्यातला एकच १६ इंचांचा किंवा त्याहून मोठा. आमचा बेत एकही ठेवायचा नव्हता.

चार पेडांची ती खरखर, जी दुकानात मला हलकी वाटली होती, ती इथे हत्यार होती. गुळगुळीत आठपेडी देठावरून घसरते, चारपेडी देठ करवतते. शिवाय जाडीचाही प्रश्न होता. ३० पौंडांची दोरी मासा ओढेल, पण मासा अधिक गवत? आणि ड्रॅग पूर्ण आवळलेला? तिथे ५० ते ६५ हवीच, काहीजण ८० लावतात. वेणी ताणली जात नाही हेही इथे उपयोगी पडतं. नायलॉन चांगलं २०-२५ टक्के लांबतं, मग तुम्ही हिसका देता आणि तो हिसका रबरासारखा वाटेतच विरतो.

हे सगळं ऐकून मेहुणा दुसऱ्या दिवशीच्या तयारीत सगळ्या रिळांवर चारपेडी घालायच्या गोष्टी करू लागला. गाइड हसला. दुसऱ्या दिवशी त्याने आम्हाला वेगळ्याच ठिकाणी नेलं. उघड्या तळ्यावर वाऱ्याने पाणी गढूळ होतं, खोली मुळात सरासरी तीन मीटरच्या आत. पण दाट लव्हाळ्यामागे गवताने पाणी गाळून काचेसारखं केलेलं. तळाची वाळू दिसते, वाळूवर माशांनी साफ केलेली गोल घरटी दिसतात, आणि माशालाही आपण दिसतो. तिथे मेहुण्याची खरखरीत दोरी रॉडच्या कड्यांतून जाताना ‘शीऽऽ’ असा आवाज करत होती, फेकही आखूड. माझी आठपेडी मात्र गुपचूप, लांबवर गेली. पुढे दीड मीटर लीडर, म्हणजे गळाकडचा वेगळ्या दोरीचा तुकडा, फ्लुओरोकार्बन या पारदर्शक प्लास्टिकचा. त्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) १.४२, पाण्याचा १.३३, नायलॉनचा १.५ च्या पुढे. म्हणून तो पाण्यात कमी उठून दिसतो. अगदी अदृश्य वगैरे म्हणतात तसा नाही, हातात धरून पाण्यात बुडवून बघितला, दिसतो.

लीडर जोडायची एफजी गाठ मला हलत्या बोटीत चार वेळा जमली नाही. शेवटी डबल युनी ही सोपी गाठ मारली आणि पुढे गेलो. गाठीची शर्यत थोडीच होती!

एका गोष्टीवर माझं आणि गाइडचं पटलं नाही. आमिषाचा रबरी बेडूक पाण्यावर ओढायचा तेव्हा लीडर लावूच नको, तो म्हणे. कारण समजलं: वेणी पाण्यापेक्षा हलकी, तरंगते, फ्लुओरोकार्बन जवळपास पावणेदोन पट जड, बेडकाचं नाक खाली ओढतो. पण उघड्या, स्वच्छ पाण्यात हिरवी दोरी थेट बेडकाला बांधलेली मला बघवेना. मी नायलॉनचा हातभर तुकडा लावला. मासा त्याला लागला की नाही? नाही. त्याच्या बेडकाला दोन लागले.

तिसरा दिवस वाऱ्याचा. तळं सोडून बांधालगतच्या कालव्यात गेलो, तिथे काठाला दगड रचलेले. लीडर जवळजवळ संपला होता, नवा बांधायचा कंटाळा केला, वेणीच थेट ल्युअरला, म्हणजे खोट्या आमिषाला, बांधली. मासा लागला, दगडाखाली शिरला, दोरी ताठ झाली आणि कात्रीने कापल्यासारखी ‘टक’ करून तुटली. टोक बघितलं तर रंग उडालेल्या कुंचल्यासारखं पिंजारलेलं. जी दोरी गवत करवतते, ती ताणलेली असताना दगडाच्या धारेवर दोन सेकंदही टिकत नाही. बुडालेल्या लाकडावर उलटं: तिथे ती लाकडात रुतते आणि अडकते. दोरी कशाला घासणार आहे, हे दुकानात मला कुणी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. पेड किती, हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

परतताना धक्क्यावर पांढऱ्या प्लास्टिकच्या पाइपची उभी पेटी दिसली, वापरलेली दोरी टाकण्यासाठी. खिशातला पिंजारलेल्या वेणीचा गुंता मी आत टाकणार, तेवढ्यात गाइडने हात धरला. ती पेटी फक्त नायलॉनसाठी, वितळवून परत वापरतात ते. वेणी त्यात चालत नाही. त्याने खिशातून दातेरी कात्री काढून दिली. बोटीच्या काठावर बसून मी तो गुंता बोटाच्या पेरापेरा एवढा कापत बसलो, पक्ष्यांच्या पायांत अडकू नये म्हणून, आणि मेहुणा कचऱ्याची पिशवी धरून उभा राहिला.

“दाजी, पुढच्या वेळी दोन रिळं आणा,” तो म्हणाला.

“तीन,” गाइडला विचारलं असतं तर तो म्हणाला असता. मी विचारलं नाही.