डिस्क बदलली आणि सगळे फोल्डर पिवळे झाले

एका तपासणी यंत्राला जोडलेला संगणक अजून विंडोज एक्सपीवर आहे, कारण यंत्राचा प्रोग्राम पुढच्या आवृत्त्यांवर चालतच नाही. त्यावरचे बावीस फोल्डर ऑपरेटर नाव वाचून नव्हे, रंग बघून उघडतात: हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे नापास, निळा म्हणजे फेरतपासणी. हार्ड डिस्क खराब व्हायला लागली म्हणून बदलली गेली आणि सगळे फोल्डर एकजात पिवळे झाले. अहवाल चुकीच्या फोल्डरात पडायला लागले, तेव्हा मला बोलावणं आलं.

एक्सपीत फोल्डरचा आयकॉन तीन गोष्टींवर टिकून असतो. आत लपलेली, फोल्डर कसा दिसावा हे सांगणारी डेस्कटॉप.आयएनआय फाइल, त्या फोल्डरवर लावलेली रीड-ओन्ली किंवा सिस्टम खूण, आणि आयएनआयमध्ये लिहिलेल्या पत्त्यावर खरोखर असलेली आयकॉन फाइल. यातलं एक जरी गेलं तरी एक्सपी कसलीही तक्रार न करता पिवळा फोल्डर दाखवतो. इथे तिन्ही ठिकाणी गडबड होती.

फोल्डर ऑप्शन्समधल्या व्ह्यू टॅबवर लपलेल्या फाइली दाखवायला सांगितलं आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स'ची टिक काढली. ही दुसरी टिक विसरली तर आयएनआय दिसतच नाही. नव्या डिस्कवर ती एकाही फोल्डरात नव्हती, जुन्या डिस्कवर सगळीकडे होती. डेटा एक्सकॉपी या कॉपी करणाऱ्या कमांडने, नुसतं /ई (आतल्या सगळ्या फोल्डरांसकट) लावून आणला होता. /एच नसेल तर ती कमांड हिडन आणि सिस्टम फाइली सोडून देते. सगळंच पुन्हा कॉपी करणं धोक्याचं होतं, कारण नव्या डिस्कवर कामाच्या फाइली साठायला लागल्या होत्या. म्हणून मूळ पत्त्यात फक्त डेस्कटॉप.आयएनआय हे नाव देऊन /एस (आतल्या फोल्डरांतही), /एच (लपलेल्याही) आणि /के (खुणा तशाच ठेवून) लावलं. तेवढ्याच फाइली आपापल्या फोल्डरात गेल्या.

तरी रंग पिवळाच. आयएनआय असली तरी फोल्डरवर खूण नसेल तर एक्सप्लोरर आत डोकावत नाही. प्रत्येक फोल्डर उघडून बघण्यात वेळ जाऊ नये म्हणून ही सोय. प्रॉपर्टीजमधल्या रीड-ओन्लीच्या चौकोनावर मात्र भरवसा ठेवू नये. फोल्डरची खरी खूण तो दाखवत नाही, आणि त्यावर क्लिक केलं तर बदलतात आतल्या फाइली. खरं उत्तर देते अ‍ॅट्रिब कमांड, जी या खुणा दाखवते आणि बदलते. कस्टमाइझ टॅबवरून आयकॉन बदलला तर एक्सपी स्वतः रीड-ओन्ली लावतो, पण काही जुने प्रोग्राम अशा फोल्डरात लिहायला नकार देतात. यंत्राचा प्रोग्राम याच फोल्डरांत लिहितो, म्हणून मी सिस्टम खूण निवडली आणि एकाच ओळीने सगळ्या फोल्डरांना लावली: फॉर /डी %ए इन (*) डू अ‍ॅट्रिब +एस "%ए". बॅच फाइलमध्ये टक्क्याचं चिन्ह दोनदा लागतं.

एफ5 दाबल्यावर हिरवे आणि निळे परतले, लाल नाही. लाल फोल्डरांच्या आयएनआयमध्ये आयकॉनफाइलसमोर डी ड्राइव्हचा पत्ता होता आणि नव्या डिस्कवर तो ड्राइव्ह ई झाला होता. ड्राइव्हचं अक्षर पुन्हा डी करणं सोपं होतं, पण पुढच्या डिस्कबदलाला हेच झालं असतं. त्याऐवजी लाल.आयसीओ प्रत्येक लाल फोल्डरातच ठेवून लपवली आणि ओळीत फक्त फाइलचं नाव ठेवलं. आयएनआय बदलण्याआधी अ‍ॅट्रिब -एस -एच (सिस्टम आणि हिडन खुणा काढायला), बदलल्यावर पुन्हा +एस +एच. व्हिस्टापासून वापरात आलेली आयकॉनरिसोर्सची ओळ इथे चालत नाही; एक्सपीला आयकॉनफाइल आणि आयकॉनइंडेक्स=0 अशा दोन ओळी लागतात.

एवढं होत आलं तोवर कोणीतरी दुसऱ्या संगणकावर बनवलेला, जास्त भडक लाल आयकॉन पेनड्राइव्हवर घेऊन आलं. त्यात 256 पिक्सेलचं एकच पीएनजी चित्र होतं, जे एक्सपीला वाचता येत नाही. 16, 32 आणि 48 पिक्सेलची साधी, पीएनजी नसलेली चित्रं एकाच आयसीओत (आयकॉनच्या फाइलीत) बांधून घेतली. यातलं 16चं चित्र वेगळं रेखाटावं. मोठं चित्र आपोआप लहान केलं की यादीत नुसता डाग दिसतो, आणि ऑपरेटर यादीच बघतात.

नवी फाइल जुन्याच नावाने ठेवली असती तर आयकॉनकॅशे.डीबीमुळे, म्हणजे विंडोज आयकॉनची चित्रं साठवून ठेवते त्या फाइलीमुळे, बराच वेळ जुनंच चित्र दिसलं असतं. कॅशे पुसता येते, किंवा डिस्प्ले प्रॉपर्टीज, अपिअरन्स, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये आयकॉनचा आकार 32चा 33 करून अप्लाय करावा आणि परत 32 करावा. मी फाइलला लाल2.आयसीओ नाव दिलं. त्यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातल्या) शेल आयकॉन्समध्ये 3 आणि 4 या नावांनी आयकॉनचा पत्ता लिहायचा मार्गही कोणी सुचवला, पण त्याने सगळेच फोल्डर एका रंगाचे होतात. म्हणजे पिवळ्याच्या जागी लाल गोंधळ.

जाता जाता रोजच्या बॅकअपची बॅच फाइल उघडली. तिथेही एक्सकॉपीला नुसतं /ई होतं. /एच आणि /के जोडले, आणि कॉपीनंतर अ‍ॅट्रिबची ओळ घातली.